इंदूकाकू शनिवारी आमच्याकडे जेवायची

इंदूकाकू गेली तेव्हा मी कॉलेजात होते. परळच्या हॉस्पिटलात पोचले, तर आमच्या लालबागच्या चाळीतल्या बायका बाहेर बाकावर बसलेल्या. काकू शेवटचं कधी जेवली होती, असं डॉक्टरांनी विचारलं होतं.

"काल सोमवार. तुझाच वार ना गो?" सावंतमावशी शेजारणीला म्हणाली.

"माझा? तो कधीच बंद झाला. मला वाटलं, तुझ्याकडे येते..."

हे वार कसले, ते सांगायला हवं. मागे चाळीचा जिना कोसळला. काकूचा नवरा त्यात गेला, आणखीही काही घरांतली माणसं गेली. नळावरून भांडणाऱ्या बायका तेव्हा एकाच टोपात सगळ्यांचा भात शिजवत होत्या. शहरातली माणसं अशीही असतात, हे मला तेव्हा कळलं, असं वाटलं होतं. काकूला मूलबाळ नव्हतं. तिच्या जेवणासाठी सात घरांनी सात वार वाटून घेतले. "माझे हात मोडलेत काय?" म्हणत ती आधी अडून बसली. "आता चाळच तुझं घर. शेगडी हवी कशाला?" सावंतमावशी म्हणाली. शेवटी काकूने शेगडी-सिलिंडर जिन्यालगतची खोली गमावलेल्या कुटुंबाला देऊन टाकलं.

शनिवार आमचा. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. आईबाबांना कौतुक आहे, पण काय शिकते ते विचारायला ते बिचकतात. काकू विचारायची. "काय गो मास्तरणी, आज काय शिकलंस?" मी सांगायचे, ती माशाचे काटे काढत ऐकायची. "परत सांग. माका समजला नाय, म्हणजे तुकाच नीट समजूक नाय." मग मला खरंच पुन्हा वाचावं लागायचं.

यंदा शनिवारीही प्रॅक्टिकल सुरू झाली. घरी यायला उशीर व्हायचा. "काकू जेवली?" मी विचारायचे. "केव्हाच जेवून गेली," आई म्हणायची. रविवारी काकू गॅलरीत भेटायची. काल काय होतं गं, विचारलं की सांगायची, "बोंबील. तुझ्या आयशीच्या हाताक चव हा हां!"

हॉस्पिटलात मी आईकडे बघितलं. "आपला शनिवार, आई?"

आई पदराशी चाळा करत राहिली. "सगळ्यांनीच हळूहळू बंद केलं. मग आपणच किती दिवस...? ती म्हणायची, दुसरीकडे जेवते."

डॉक्टरांनी कारण हृदयाचं सांगितलं. ते खरंच असेल, मला त्यातलं कळत नाही. पण ती प्रत्येकीला दुसरीचं नाव सांगत होती, आणि एकीनेही त्या दुसरीला विचारलं नाही. विचारलं असतं, तर वार परत आपल्याकडे आला असता... आईने मला खोटं सांगितलं. आणि ते उघडं पडू नये म्हणून काकूने न खाल्लेल्या बोंबलांची चव सांगितली.

तेराव्याला सातही घरांतून डबे आले. गॅलरीत काकूच्या नावाने केळीचं पान मांडलं. "हे तिला आवडायचं," म्हणत प्रत्येकीने आपापलं वाढलं. आई शेवटी आली. वाटी हातात धरून ती पानाभोवती जागा शोधत राहिली. पानात जागा उरली नव्हती.