फरशीवर पाणी आणि रोटाचा दिवस

कानबाईवर, खान्देशातल्या आमच्या देवीवर, माझी श्रद्धा सासरी आल्यावर जडली. पण खरं सांगते, तिच्या सणाच्या त्या श्रावणातल्या रविवारी मी तिच्यावर चिडलेच होते. आमच्या घरी तिच्या नैवेद्याचा रोट, ती गव्हाची जाड पोळी, कुणीही उठून मोडत नाही. खीर, पुरण, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी सगळं तयार असलं, तरी घरातल्या थोरल्यानं पहिला रोट मोडायचा आणि मगच बाकीच्यांनी घास घ्यायचा. थोरले म्हणजे माझे जेठ, मालकांचे मोठे भाऊ आबा. ते राहतात नदीपलीकडच्या गावात. नेमकं त्या दिवशी नदीवरच्या फरशीवरून, त्या ठेंगण्या पुलावरून, पाणी चाललेलं, एसटी बंद, आणि आबांचा फोन लागेना.

माझ्या मालकांची उजवी बाजू लकव्यानं गेलेली, वर साखरेचं दुखणं. सकाळची गोळी घेऊन बसले आणि भाऊ येईपर्यंत तोंडात काही घालायला तयार होईनात. दुपार कलली तसा त्यांचा हात थरथरू लागला, कपाळावर घाम आला. साखरपाणी पुढं केलं तर ओठ घट्ट मिटून घेतले. हट्ट तरी किती असावा माणसाला! माझा जीव थोडा थोडा होत होता. मी त्यांना बोलले, मग देवीलाही जाऊन बोलले, "तुझ्या रोटापायी माझा माणूस घालवतेस का गं बाई?"

बोलून गेले आणि मलाच रडू फुटलं. पाटावर नथ घालून ती शांत बसलेली. मी पदर पसरला. म्हटलं, माय, मी थकले. तू जाण आणि तुझे रोट जाणोत, मी आता मध्ये पडत नाही. त्या क्षणी खरंच मनातलं ओझं उतरल्यासारखं झालं. काही बदललं नव्हतं, तरी झालं.

थोड्या वेळानं दारात मोटारसायकल थांबली. मागे खताची गोणी, गोणीवर टेकून आबा! धोतर चिखलानं भरलेलं. मी डोक्यावर पदर घेत विचारलं, "आबा, कसा उनात?"

"मी कोठे उनू, माय? माले लोकेस्नी आनं."

फरशीपाशी अडकल्यावर ते लांबच्या मोठ्या पुलावरून यायला उलटे फिरले होते. एका ट्रॅक्टरवाल्यानं त्यांना पुढच्या गावापर्यंत सोडलं, तिथून दूधवाल्यानं फाट्यापर्यंत, आणि फाट्यावरून या मोटारसायकलवाल्यानं, तोरणमाळकडच्या पावरा आदिवासी माणसानं, आपली वाट सोडून आमच्या ब्राह्मणपुरीपर्यंत. "कोन्हीच नाव पुसं नही," आबा सांगत होते. "आज कानबाई शे, कोन्हं तरी घर वाट देखी ऱ्हायनं व्हई, इतलंच म्हनेत."

आबांनी रोट मोडला, पहिला घास भावाच्या तोंडात घातला. दोघंही रडत होते, मीही.

तो पावरा माणूस ओसरीवरच उभा. रोट बाहेरच्याला देत नाहीत, मी घुटमळले. तोच हसून म्हणाला, "मला माहीत आहे बाई, तुमचा रोट घरच्यांचाच. चहा द्या फक्त." चहा पिऊन, देवीला लांबूनच हात जोडून तो निघून गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

रोट घरच्यांनीच खायचा, ही रीत मी आजही पाळते. पण घरच्याला घरी कुणी आणायचं, हे कानबाईनं आम्हा घरच्यांच्या हातात ठेवलेलंच नाही, एवढं मला उमगलं.

आता दर वर्षी रोटाच्या दिवशी आमचे मालक सकाळपासून ओट्यावर बसतात. रस्त्यानं कुणी पायी दिसला की डाव्या हातानं त्याला थांबवतात आणि वाकड्या तोंडानं विचारतात, "कोन्ता गावले जानं शे?" मग मला आत हाक येते, त्याला सोडायला गड्याला आपला ट्रॅक्टर काढायला सांग म्हणून.