हाराखालचा पोचा

ही गोष्ट मी यांनासुद्धा सांगितली नव्हती. तशा यांच्यापासून लपवलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या, साड्यांच्या खऱ्या किमती वगैरे, पण त्या सगळ्या यांना माहीत असायच्या. ही मात्र नाही. हे गेले, तरी ती माझ्या पोटातच राहिली. आज तुमच्यासमोर बसलेय, तर बोलते.

आधी नलिनीबद्दल सांगू का? म्हणजे स्वतःबद्दल बोलणं जरा पुढे ढकलता येईल — बघा, अजून सवय गेलेली नाही.

आम्ही अमेरिकेत, ट्रॉयला नवे होतो तेव्हा नलिनी आमच्यापासून दोन घरं सोडून राहायची. नागपूरची. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिची पहाटेची ड्यूटी. बर्फ असो, धुकं असो, अंधारात एकटी हायवेने जायची, आणि दुपारी परत आल्यावर मला ग्रोसरीला न्यायची. कारण मला लायसन्स नव्हतं. परीक्षा घेणाऱ्या माणसाचा माझ्यावर राग आहे, असं मी मराठी मंडळातल्या सगळ्या बायकांना सांगत असे. अगं बयो, स्टॉपच्या पाटीपाशी न थांबता सरळ पुढे गेलीस, तर तो काय तुला ओवाळणार होता?

त्या हिवाळ्यात नलिनीने स्वतःच्या पगारातून नवी गाडी घेतली. निळी. तिला पूजेबिजेची हौस नव्हती, हौस माझी. झेंडूचा हार, नारळ, चाकांखाली ठेवायला लिंबं — सगळं मीच आणलं. बाहेर बर्फ, म्हणून पूजा गॅरेजमध्ये. मी पुढे हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. तिने दार उघडं ठेवून गाडी गरम व्हायला सुरू केली, आणि तेवढ्यात आत फोन वाजला. नागपूरहून तिच्या आईचा. "आलेच गं शैला," म्हणून ती आत गेली.

आणि मी? मी गाडीत जाऊन बसले.

नुसतं बसायचं होतं, असं म्हणू का? नाही. मला चालवायची होती. हळूच मागे घेऊन लिंबं चिरडायची आणि ती बाहेर आली की ऐटीत हसायचं — केवढा तो आत्मविश्वास. गिअर मागचा पडला असं मला वाटलं. गाडी पुढे गेली. समोर भिंतीला लागून त्यांचा जुना पांढरा फ्रिज होता, त्याच्यावर जाऊन धडकली.

आवाज फार मोठा नव्हता. पोचाही मोठा नव्हता, तळहाताएवढा. मी गाडी कशीबशी मागे घेतली. आणि मग माझ्या अंगात जी चपळाई आली, ती आयुष्यात परत कधी आली नाही. चिरडलेली लिंबं कोटाच्या खिशात कोंबली. त्याच फ्रिजमधून दोन ताजी काढून चाकांखाली ठेवली. हार जरासा बाजूला सरकवला, पोच्यावर. नलिनी कुंकू घेऊन बाहेर आली, तेव्हा मी हात जोडून उभी होते.

तेव्हाच सांगता आलं असतं ना? एका वाक्याचं काम होतं.

हार सुकून उतरला तोवर ती गाडी ड्यूटीला, दुकानात, सगळीकडे जाऊन आली होती. मग पोचा दिसला. शनिवारी त्यांच्याकडे चहाला बैठक बसली — नलिनी, तिचा नवरा विलास, हे आणि मी. विषय एकच, इन्शुरन्सचा क्लेम करायचा की नाही.

विलास म्हणाला, "पार्किंगमध्ये कोणीतरी ठोकून गेलं म्हणायचं. कोण बघायला येतंय?"

"तू पाहिलंस?" नलिनी म्हणाली. "मी नाही पाहिलं. मग कसं सांगू? माझ्याच हातून कुठेतरी लागली असणार. तसंच सांगते."

आणि ती फोनपाशी गेलीसुद्धा. न केलेली चूक आपली म्हणून सांगायला. मी तिच्याकडे बघतच राहिले. अशी माणसं असतात?

"वहिनी, तुम्ही तरी समजवा हिला," विलास म्हणाला.

मी समजावलं. एवढ्याशा पोच्यासाठी क्लेम केला तर प्रीमियम वाढतो, असं ठणकावून सांगितलं. प्रीमियम कशाशी खातात हे मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र — इन्शुरन्सचा माणूस येतो, निळ्या बंपरवरचा पांढरा रंग नखाने खरवडतो, आणि हळूच फ्रिजकडे वळून बघतो. नलिनीने फोन ठेवला. वहिनी किती प्रॅक्टिकल, म्हणून विलासने मला आणखी एक कप चहा दिला. मी प्यायले.

पुढे बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने तो पोचा गंजला. पण मला आठवतो तो गंज नाही. एकदा भाजी निवडताना ती म्हणाली, "गाडीला लागलं आणि मला कळलंच नाही, शैला. असं कसं झालं?" तो अख्खा हिवाळा तिने हायवे सोडला. पहाटे विलास तिला पोचवायला जायचा. अंधाराला न घाबरणारी बाई स्वतःच्या हातांना घाबरली होती, आणि मी शेजारी बसून मेथी निवडत होते. माझ्या कोटाच्या खिशाला अजून लिंबाचा वास येत होता.

वसंतात ती पुन्हा चालवू लागली, आपली आपणच. फक्त एक सवय लागली. निघण्याआधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारायची, वाकून चारी बाजू बघायच्या, मग आत बसायचं. मंडळातली मुलं तिच्याकडून ते शिकली. पुढे ती लेकीकडे लांब प्लेनोला राहायला गेली तेव्हा तिच्या निरोपाच्या पॉटलकला, सगळ्यांनी एकेक पदार्थ आणलेल्या जेवणाला, मी उभं राहून त्या सवयीचं कौतुक केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नलिनी लाजली. त्यातून शेवटी चांगलंच निघालं, असं म्हणायची सोय आहे. मी ती घेणार नाही.

दर रविवारी तिचा फोन येतो. गुडघे, नातवंडं, आमटीत काय घातलं — सगळं बोलतो.

गेल्या महिन्यात माझ्या नातीला लायसन्स मिळालं. मला देवळात न्यायला निघाली. मी पट्टा लावून बसले, तर ही बाहेरच.

"काय गं, काय हरवलं?"

"नथिंग, आजी. नलिनीआजी टॉट मी. यू नेव्हर नो."

ती पुढे येऊन वाकली. काचेतून मला तिचं डोकं दिसत होतं. बंपरच्या त्याच कोपऱ्यावर, जिथे नलिनीच्या गाडीवर मी हार सरकवला होता.

तो पोचा मी पाडला होता. नलिनीने नाही.