बाहुलीची नऊवारी

मुलीने अकरावीला पिंपळे सौदागरच्या कॉलेजात प्रवेश घेतला आणि दोन महिने तिला एकही मैत्रीण मिळाली नाही. आम्ही मोशीत राहतो. ती जायची, डबा एकटी खायची, यायची. विचारलं तर "आहेत गं मुली," एवढंच. मग मोबाईलवरच्या एका खेळामुळे वर्गातल्या तिघी तिच्याशी बोलायला लागल्या. त्या खेळात प्रत्येकीची एक बाहुली असते, तिला हवे ते कपडे घालता येतात. गणपतीच्या आधीच्या रविवारी चार वाजता चौघींनी आपापल्या बाहुल्या नऊवारीत मिरवायचं ठरवलं. आमची बोलून बसली, "माझी आई शिवते. माझ्या बाहुलीची नऊवारी आम्हीच करणार."

मला हे तिने शुक्रवारी सांगितलं.

मी ब्लाउज शिवते, मंडळांच्या मुलींसाठी तयार नऊवारी शिवते. पण शाळा चौथीत सुटली, इंग्रजी वाचता येत नाही, आणि फोनवर मी फार तर फोटो बघते. हे जमलं नाही तर पोरगी पुन्हा एकटी पडणार, एवढंच दिसत होतं.

बाहुलीचे कपडे तयार करायची तीन अ‍ॅप तिने माझ्या फोनवर घेतली होती. पहिल्याने काही दाखवायच्या आधीच फोनमधले सगळे नंबर आणि फोटो मागितले. त्यात गिऱ्हाईक बायकांचे फोटो आहेत, मापं लिहिलेले कागद आहेत. ते अ‍ॅप लगेच काढून टाकायला लावलं. दुसरं तिला फार आवडलं होतं. बाहुली गोल फिरायची, रंग चमकायचे. पण त्यातली साडी म्हणजे कमरेखाली नुसता घागरा. काष्टा कुठेच नव्हता.

"काठ मोठा करू ना आई, कुणाला कळतंय?"

"मागून कळेल."

"मागून कोण बघतंय?"

"नऊवारी मागूनच बघतात."

तिसऱ्यात पांढऱ्या पडद्यावर नुसते चौकोन होते. ती बंद करायला निघाली, तेवढ्यात मी तिचा हात धरला. पुढचा भाग, पाठ, बाह्या आणि दोन पाय वेगवेगळे, कापड पसरून कापल्यासारखे. शिवलेली नऊवारीही मी सलवारीसारखे दोन पाय कापूनच करते, काष्टा मागाहून जोडते. "हेच घे," मी म्हणाले. एवढं ठाम मी घरात कधी बोलत नाही. नवरा नुकताच चाकणहून पहिली शिफ्ट करून आला होता. बूट काढता काढता म्हणाला, "आता बाहुलीचं माप घ्यायला कुठं जाणार, टेलरबाई?"

शनिवारभर मी सांगत गेले आणि ती रंगवत गेली. हिरवी साडी, लाल काठ, मागे निऱ्या. रविवारी सकाळी तिने ते कपडे बाहुलीला चढवले आणि ओरडलीच.

"आई, ही दोन्ही बाजूंनी उघडी आहे!"

खरंच, काखेपासून घोट्यापर्यंत अंगाचा पट्टा दिसत होता. पुन्हा त्या चौकोनांकडे बघितलं तेव्हा चूक सापडली. प्रत्येक तुकड्याला कडेने अर्धं बोट कोरी जागा मीच सोडायला लावली होती, शिलाईत जायला. कापड असतं तर ती आत गेली असती. इथे ना सुई ना दोरा.

मुलगी आधी रडवेली झाली, मग माझ्याकडे बघून हसत सुटली. "मार्जिन सोडलंस? बाहुली जाड झाली की उसवून देणार होतीस का?"

मलाही हसू आलं. कडेपर्यंत रंग भरायला तासभर लागला.

चार वाजता फोनवर तिघींचे आवाज आले. मी दाराआड उभी होते.

"ए, मागे वळ, मागे वळ! अगं, खरा काष्टा आहे!"

"काकूंनी केला? काकू आहेत का तिथे?"

मुलीने फोन माझ्याकडे धरला. मी सरळ स्वयंपाकघरात पळाले. "लाजते गं ती," असं ती त्यांना सांगत होती. मग चौघी एकदम हसल्या. आमच्या मुलीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मी ओट्याला टेकून ते ऐकत राहिले.

येत्या शनिवारी त्या तिघी घरी येणार आहेत. खरी नऊवारी कशी कापतात ते बघायचंय म्हणे. तीन परक्या मुलींसमोर मी काय बोलणार, देव जाणे. पण या म्हणून सांगितलंय.