वाफेवाल्या बाईंच्या गावाला

पाचगणीच्या बोर्डिंगात आम्हा दोघी बहिणींचे पांढरे मोजे एकाच दोरीवर वाळत असायचे. पावसाळ्यात ते कधी पुरते वाळायचे नाहीत. सकाळी चॅपलच्या घंटेआधी मी बोटांनी चाचपून म्हणायची, "वाळलेत." शैला तिचा मोजा गालाला लावून बघायची. "ताई, हाताला कळत नाही, गालाला कळतं. ओले आहेत." मग आम्ही ओलेच मोजे घालून जायचो, कारण दुसरे नसायचे. आठवण एवढीच, तिच्यात काही घडत नाही. पण यंदा थंडी सरता सरता शैला गेली, आणि तेव्हापासून मला मोठमोठ्या गोष्टी आठवत नाहीत, हे मोजे आठवतात.

माझ्या या धाकट्या बहिणीने पुढे जन्मभर हवेतली ओलच मोजली. उन्हाळ्यातला वळीव कुठे पडणार हे सांगणं अवघड असतं, कारण तो एका दुपारीत जमतो आणि चार गावं भिजवून निघून जातो. तो जमायला लागते वाफ, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. शैला मला सोपं करून सांगायची: उपग्रहाचा सिग्नल वाफेतून येताना किंचित रेंगाळतो. किती रेंगाळला ते मोजलं की डोक्यावरच्या हवेत किती पाणी आहे ते कळतं. ते आकडे हवामानाच्या गणितात घातले तर उन्हाळी पावसाचा अंदाज सुधारतो. निवृत्तीनंतर तिने असं एक मशीन स्वतःचं म्हणून जुन्नर तालुक्यात निमगाव सावाला, सुमनताई आणि बाळासाहेब या शेतकरी जोडप्याच्या स्लॅबवर बसवलं. पुण्यात तिचा विद्यार्थी प्रणव आकडेमोड करून तिच्या फोनवर आलेख पाठवायचा. वाफ दुपारनंतरही चढतच राहिली तर ती रानात पसरलेला कांदा झाकायला सुमनताईंना एका शब्दाचा मेसेज करायची: झाका.

तिच्यामागे मशीन बघणारं कुणी नव्हतं. ते उतरवून आणावं म्हणून एप्रिलात मी निघाले. तिचा फोन माझ्या पर्समध्ये होता.

जाणार असाल तर पुण्याहून पहाटेच निघा. चाकणची गर्दी एकदा लागली की सकाळ तिथेच संपते. नाशिक हायवे खेडच्या पुढे बरा आहे. मी मंचरला चहासाठी थांबले आणि बाजारपेठेत कांतीशेठच्या दुकानात गेले. बारदान, सुतळी, ताडपत्री विकणारं हे दुकान. शेठचे आजोबा मारवाडातून आले, शेठ स्वतः मंचरच्या बाहेर फारसे गेलेले नाहीत. शैला दर खेपेला त्यांच्याकडे टेकायची, म्हणून मीही टेकले.

"तुम्ही वाफेवाल्या बाईंच्या बहीण. नाक सारखं आहे," शेठ म्हणाले. "त्यांचा मेसेज निमगावला पोचला की तासाभरात इथे गिऱ्हाईक. मी म्हणायचो, बाई, तुम्हाला कमिशन द्यायला पाहिजे."

"मग दिलंत का?"

"दिलं की. चहा." मग त्यांनी तराजूकडे बघत सांगितलं, "गेल्याचं कळलं तेव्हा अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं मी. घरच्या कुणी विचारलं नाही, का म्हणून."

नारायणगावहून आत वळल्यावर खोडदच्या बाजूला मोठ्या दुर्बिणींच्या पांढऱ्या थाळ्या दिसतात. सगळ्या आकाशाकडे तोंड करून. पुढे ऊस, मग कांद्याची रानं. दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोचा, उसात बिबट्या असतो आणि इथे ही गोष्ट कुणी गमतीने सांगत नाही. राहायला नारायणगावला साधे स्वच्छ लॉज आहेत. मला मात्र सुमनताईंनी जाऊ दिलं नाही. रात्री मासवडी आणि झणझणीत रस्सा होता. मी दुसरी वडी नको म्हटलं तर त्यांनी ती वाढून झाल्यावर विचारलं, "नको म्हनला का?"

शैला पहिल्यांदा आली तेव्हाची गोष्ट बाळासाहेबांनी जेवताना सांगितली.

"बाई म्हनली, मला तुमच्या रानावरची वाफ मोजायचीय. मला ऐकू आलं, वाफे मोजायचेत. म्हनलं, आली सरकारची मोजणी. मी निम्मेच वाफे दाखवले."

"आन मी तिला ताक बी दिलं नाय," सुमनताई म्हणाल्या. "मला वाटलं कांद्याचे वाफे मोजून ही वर कळवनार. लई वेळानं कळलं, ही तर वरचं मोजून आमाला कळवनार."

त्या दिवसापासून ती वाफेवाली बाई.

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर गेले. खांबावर पांढऱ्या घुमटासारखी थाळीएवढी तबकडी, एक पेटी, एक बॅटरी. शेजारी खिळ्याला थर्मामीटरची जोडी, त्यातल्या एकाच्या फुग्याला ओली ठेवायची मलमलची वात. दोन्हींच्या आकड्यांतल्या फरकावरून हवेतली ओल कळते; मशीनवर फार विसंबू नये म्हणून शैला ती ठेवायची. वात कोरडी पडली होती. मी पाणी घातलं.

स्लॅबवरून दिसणाऱ्या वरच्या रानात कांदा काढून पातीसकट पसरला होता. तो दोन-चार दिवस तसाच सुकला की पात कापायची आणि माल बराकीत, म्हणजे हवा खेळती ठेवणाऱ्या साठवणीच्या खोलीत भरायचा. या दिवसांत वळीव आला तर वर्षाचा माल सडतो. "कांदा बराकीत जाईस्तोवर मशीन राहू द्या, ताई," सुमनताई म्हणाल्या. मी होकार दिला. तोवर राहीन असंही म्हटलं.

दुपारी शैलाचा फोन वाजला. प्रणवचा आलेख चढत होता. उकडत होतं, पानही हलत नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं, रेघ आणखी वर. प्रणवला फोन केला. तो म्हणाला, "वाफ भरपूर आहे, मावशी. पण वाफ आहे म्हणजे पाऊस तिथेच पडेल असं नाही. मॅडमना अंदाज यायचा." मला कुठला अंदाज. मी शैलाच्याच फोनवरून, तिच्याच नावाने, खाली अंगणात उभ्या असलेल्या सुमनताईंना मेसेज केला: झाका.

तोंडाने सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, तिचं काम तिच्यासारखंच करावं.

सुमनताईंनी फोन बघितला, वर माझ्याकडे बघितलं आणि पदर खोचला. शेजारच्या बाया आल्या. कांद्याचे ढीग घातले, त्यावर ताडपत्र्या, कडेला दगड. अंधारेपर्यंत सगळी राबली. पश्चिमेला ढग आले, विजा चमकल्या आणि सगळं दक्षिणेला सरकलं. आमच्याकडे थेंब नाही. कांतीशेठचा फोन आला, "अवसरी बुद्रुकला झोडपलं, ताई. तुमच्याकडे कसं?"

रात्रभर उकाडा तसाच होता. झाकलेलं कुणी उघडलं नाही, ढग परत फिरतील म्हणून. सकाळी बाळासाहेबांनी ताडपत्री उचलली तशी आतून भप्पकन वाफ आली. ताडपत्रीच्या पोटाला पाणी टपकत होतं. ढिगातला आतला कांदा घामेजून मऊ पडला होता. बाळासाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "घ्या ताई. मोजा ही."

"गप बसा," सुमनताई म्हणाल्या. "शैलाताईबी चुकायच्या की. गेल्या साली उगाच झाकाया लावलं व्हतं."

"तवा त्या फोनवर तासभर शिव्या खात बसल्या व्हत्या."

"मंग तुमीबी द्या यांना. पन मशीन ऱ्हाऊ द्या. खालच्या रानातला कांदा अजून काढायचाय."

बाळासाहेबांनी शिव्या दिल्या नाहीत. ते मऊ कांदे वेगळे काढत बसले, आणि ते मला जास्त लागलं. मी म्हटलं, चुकीचं सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं. शैला नाही तर तिच्या मशीनचं नुसतं सोंग कशाला. सुमनताई दोनदा नको म्हणाल्या. मी ऐकलं नाही. बाळासाहेबांनीच तबकडी उतरवून, जुन्या साडीत गुंडाळून, पेटी-बॅटरीसकट माझ्या गाडीत ठेवली. थर्मामीटरची जोडी मीच खिळ्यावरून काढून घेतली.

परतताना मंचरहून अवसरीकडे गाडी वळवली. रानं भिजून काळी पडलेली, सरींत पाणी, पाण्यात कांदा. एक म्हातारे गृहस्थ बांधावर बसून एकेक कांदा पुसून धोतराच्या सोग्यात ठेवत होते. वाफ खोटी नव्हती. फक्त ती इथे उतरली होती, आणि इथल्या कुणाच्या फोनवर काही आलं नव्हतं. एका स्लॅबवरच्या मशीनने एवढंच कळतं. शैला म्हणायची, अशी तबकडी दर दोन-चार गावांमागे हवी. मला ते तिचं नेहमीचं तुणतुणं वाटायचं.

घरी आले. मशीन हॉलमध्ये, साडीतच. साडीला कांद्याचा वास.

पुढच्याच आठवड्यात सुमनताईंचा फोन आला. संध्याकाळी गारांसकट पाऊस झाला होता. खालच्या रानातला कांदा काढून पसरला होता, तो सगळा भिजला.

"आभाळ दिसत व्हतं, ताई," त्या म्हणाल्या. "हे म्हनले, झाकू. म्या म्हनलं, थांबा, मेसेज न्हाई आला. मशीन आमच्याच हातानं उतरवलंय हे ठावं व्हतं. पन सवय झाली ना. मेसेज न्हाई म्हंजी पाऊस न्हाई."

मग त्यांनी विचारलं, मी नीट पोचले होते का, ते विचारायचं राहिलं होतं म्हणून.

या प्रवासातलं काय उरलं असं विचाराल तर मासवडीची चव उरली, खोडदच्या थाळ्या उरल्या, आणि तो ताडपत्रीखालचा ऊन दमट श्वास उरला. त्या सकाळी मी एक कांदा उचलून गालाला लावून बघितला होता. ओला होता. एवढं मला आता कळतं, फार उशिरा.

प्रणव माझं हे प्रवासाचं लिखाण वाचतो, कांतीशेठला त्यांची सून वाचून दाखवते, म्हणून इथेच लिहून ठेवते. तबकडी, पेटी आणि बॅटरी सुमनताईंची. मी या रविवारी घेऊन येते, बाळासाहेबांनी जुना खांब काढला असेल तर पुन्हा रोवावा. साडी धुऊन आणते. थर्मामीटरची जोडी मी काढून आणायला नको होती, तीही त्यांचीच, वात मात्र रोज भिजवायची. शैलाची पुस्तकं प्रणवला, समासातल्या तिच्या गिचमिडीसकट. कांतीशेठना तिचा स्टीलचा चहाचा पेला, त्यांनी तिला कमिशन दिलं त्याची पोच म्हणून. शैलाचा फोन सुमनताईंना. प्रणव, आलेख यापुढे त्याच फोनवर पाठव. पुण्यात माझ्याकडे नको.

आणि निरोप, बरोबर असो की चुकलेला, आधी निमगावला. काहीच कळत नसलं, तर तेही निमगावला.