केकताडाचा शेंडा

आमच्या बांधावर केकताडाचं, म्हणजे घायपाताचं, एकच झाड राहिलं होतं. बाकीची मीच जेसीबी लावून काढली, कपाशीची दोन तासं जास्त बसावीत म्हणून. हे ठेवलं ते वडिलांमुळे. आबा पोळ्याला बैलांची दावी याच्याच वाखाची वळायचे. पानं कापून पाण्यात कुजवायची, दगडावर बडवायची, मग पांढरा वाख निघतो. हाताला खाज सुटते ती वेगळीच. आष्टीच्या बाजारात नायलॉनची दावी हवी तेवढी मिळतात, पण आबांना सांगणार कोण?

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी त्या झाडातून दांडा निघाला. आठ-दहा दिवसांत माझ्या डोक्याच्या वर गेला. आबा म्हणाले, "हे चाल्लं आता. एकदाच फुलतं अन् मरतं."

माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना सल्ले देऊन देऊन घरीही तीच खोड लागली आहे. कपाशी माजली की आपण शेंडा खुडतो, मग जोर फांद्यांकडे वळतो. हेही तसंच, असं मी धरून चाललो. आबा गावात गेले होते. मी कोयत्यानं दांडा बुडातून उडवला आणि ते आल्यावर सांगितलं, "वाचवलं तुमचं झाड."

आबा कापलेल्या जागेकडे बघत बसले.

"मरायचं ते मरणारच," ते म्हणाले. "पण फुलं झडली की त्याच दांड्यावर पिल्लं धरतात. शे-दोनशे पडतात खाली. मी त्याचीच वाट पाहून राह्यलो होतो. बांधावर लावणार होतो मंग."

बुडातून फुटणारी पिल्लं तर मी दरसाल खुरप्यानं काढून फेकत आलो होतो. शेतात घुसतात म्हणून. म्हणजे मागे काहीच उरलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि उगाच आबांचाच राग आला. आधी सांगायला काय झालं होतं?

पानं खालून पिवळी पडत गेली. पावसाळ्यापर्यंत झाड आडवं झालं.

शेजारच्या शेतकऱ्याला आबांनी पिल्लं देतो म्हणून कबूल केलं होतं. तो एक दिवस रिकामं पोतं घेऊन आला. दुकानाचं गिऱ्हाईकच तो माझं, दरवर्षी मला विचारून बियाणं घेतो. झाडाकडे बघून म्हणाला, "आबा, दांडा कोणी तोडला हो?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "म्याच. म्हातारचळ, दुसरं काय."

तो हसला. माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्यासारखा जाणता माणूस घरात असून म्हाताऱ्याच्या हातात कोयता दिलाच कसा?"

"माझं ऐकतात कुठं," मी म्हणालो. आबा खाली बघत होते. आणि खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं.