मामंजींच्या नावाचा रिपोर्ट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, पाठच्या बहिणीजवळ नाही — देवापुढे हात जोडतानासुद्धा मनात हे शब्द जुळू दिले नाहीत. तुम्हाला का सांगतेय? कारणबिरण काही नाही. सांगतेय.

पंचावन्न साल असेल. लग्न होऊन मी अंधेरीला आले त्याला चारच महिने झाले होते. मामंजींना — माझ्या सासऱ्यांना — एके सकाळी लघवी लाल झाली. दुखलंखुपलं काहीच नाही. घरात सगळे म्हणाले, उष्णता. डॉक्टर मात्र म्हणाले, दुखत नाही हेच मला आवडलं नाही. सकाळची पहिली लघवी तपासायला पाठवा. आमचे हे सातलाच ऑफिसला निघायचे, आणि मामंजींना स्वतः बाटली नेण्याची शरम. सासूबाईंनी काढ्याची रिकामी बाटली उकळून ठेवली होती. ती भरून, फडक्यात गुंडाळून माझ्या हातात आली.

आणि वाटेत ती सांडली.

— नाही. इतकी वर्षं मी स्वतःलाही असंच सांगत आले. सांडली नाही. मी ओतली.

स्टेशनच्या रस्त्यावर कुसुम भेटली, माझ्या वर्गातली. चांगल्या घरी पडलेली. “काय गं, पिशवीत काय लपवतेस? सासरचा खाऊ?” म्हणून तिने पिशवीला हातच घातला. बुचातून पाझरून फडकं ओलं झालं होतं. मी म्हटलं, औषध आहे. तर म्हणाली, चल ना चहाला, इथंच तर राहते. ती पुढे जिना चढू लागली. जिन्याशेजारी गटार होतं. मी बूच काढलं आणि बाटली उपडी केली. तिच्या घरात वास येईल — एवढीच ती मेली लाज!

चहा पिऊन खाली आले तेव्हा कळलं, आता काय? घरी जाऊन ‘सांडली’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? सासूबाई चार शब्द बोलल्या असत्या. दुसऱ्या दिवशी दुसरी बाटली. बस. पण ते चार शब्द ऐकायची माझी तयारी नव्हती. तपासणी व्हायची त्या दवाखान्यामागे संडास होता. तिथं जाऊन मी बाटली भरली — माझ्या लघवीनं. चिठ्ठीवर नाव मामंजींचं.

रिपोर्ट स्वच्छ आला. रक्त नाही, दोष नाही. मामंजींनी तो दोनदा वाचला, पेढे आणले, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “सूनबाईच्या हाताला यश आहे.”

इथवर तुम्ही म्हणाल, एकोणीस वर्षांची पोर, घाबरली बिचारी. म्हणू नका. कारण दोन महिन्यांनी मामंजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हळू आवाजात म्हणाले, “आज पुन्हा तसंच झालं. हिला सांगू नकोस, उगाच घाबरेल. रिपोर्ट चांगला होता ना गं?” मी पोळी लाटत होते. तेव्हा बोलता आलं असतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि माणूस माझ्यावर कधी रागावलेला नव्हता. मी म्हटलं, “हो मामंजी, चांगलाच होता.” त्यांचा चेहरा मोकळा झाला. ते पेपर वाचायला गेले.

वर्षभरात लघवीत रक्ताच्या गाठी पडू लागल्या, मग ती तुंबलीच. मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात नेलं. मूत्राशयात कॅन्सरची वाढ, म्हणाले, आणि ती बाहेर पसरलेली. तिथल्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट हातात धरून ह्यांना सांगितलं, की यात रक्ताचा एक कण जरी दिसता तरी आम्ही तेव्हाच आत नळी घालून बघितलं असतं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. वाचले असते का? ठाऊक नाही. मामंजी महिन्याभरात गेले.

सासूबाई पुढे अठरा वर्षं जगल्या. तो रिपोर्ट आल्यावर, उष्णताच म्हणून, त्या मामंजींना रोज धन्याजिऱ्याचं पाणी द्यायच्या. त्यांनी मनाशी घेतलं, की त्या पाण्यानेच रोग दबून राहिला, कुणाला दिसला नाही. घरात पुन्हा धने आणू दिले नाहीत. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात एका दुपारी मी पाय चेपत बसले होते. म्हणाल्या, “मीच घालवलं गं त्यांना.”

मी म्हटलं, “नाही हो, तुमचा काय दोष?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “मग कुणाचा?”

मी म्हटलं, नशिबाचा.