बिनफुग्याची बाई

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई, म्हणजे पुढं मला मधेमधे थांबावं लागणार नाही. माती सगळेच खातात हो. पण लोक आपली घरात, दार लावून खातात. मी खाल्ली ती भर चौकात, फ्लेक्सवर छापून. आणि तीही रंगीत!

सगळं सुरू झालं ते एका लग्नपत्रिकेपासून. म्हणजे पत्रिकेच्या कोऱ्या बाजूपासून. आमची साची दुसरीत आहे आणि हाताला लागेल त्या कागदावर पेन्सिलीनं कॉमिक्स काढते. त्या दिवशी तिनं चार चौकटी काढल्या होत्या. पहिल्या चौकटीत बाबा. तोंडापाशी बोलण्याचा गोल फुगा, त्यात ‘चल साची’. दुसऱ्या चौकटीत आजी, म्हणजे माझ्या सासूबाई. फुगा, ‘जेवली का?’ तिसऱ्या चौकटीत मांजर. मांजरालासुद्धा फुगा! ‘म्याव’. आणि चौथ्या चौकटीत मी. हातात लाटणं नव्हतं, हे नशीब. पण तोंड उघडं, आणि तोंडापुढं नुसती कोरी, जराशी मळकटलेली जागा. फुगाच नाही.

म्हणजे बघा, घरातलं मांजर बोलतं. आई बोलत नाही!

झोप लागेल का मला? या कुशीवरून त्या कुशीवर. माझी लेक बाईला मुकी समजून मोठी होणार का? उद्या सासरी ही तोंड मिटून बसेल का? आणि ती हे शिकली कुणाकडून? मी बी.एस्सी. झालेली बाई घरात इतकी दबून राहते की काय? मला कधी कळलंच नाही? शेवटी शेजारी घोरत असलेल्या आमच्या यांना हलवलं.

“अहो, मी या घरात बोलत नाही का?”

ते डोळे न उघडता म्हणाले, “सकाळी बोल ना.”

घ्या! पुरावा पाहिजे होता, मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, सकाळी उठून लेकरालाच विचारायचं होतं, की बाई गं, मला फुगा काहून काढला नाहीस? दोन मिनिटांचं काम. पण शिकलेली बाई विचारत नसते, ती मुळापर्यंत जाते. मी साचीचं कपाट उपसलं. आत कॉमिक्सचा ढीग, आणि ढिगात सगळ्यात वर चक्क आमच्या गावचं कॉमिक्स!

हिंगोलीत कॉमिक्स कट्टा आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिघंजण आहेत. गजूभाऊ, त्यांचं चौकात फ्लेक्सचं दुकान. पाईकराव सर, चित्रकला शिकवतात. आणि इम्रान, तो मोबाइल दुरुस्त करतो. रविवारी संध्याकाळी गजूभाऊच्या दुकानात जमायचं आणि कॉमिक्स काढायची, हा यांचा कट्टा. छापायचं मशीन घरचंच.

आणि त्या कॉमिक्समधल्या बायका? अरे देवा! कंबर अशी, की खाल्लेला घास खाली जायला वाट नाही. एक बाई हळद शिजवत होती. कढई उकळतेय, वाफेचे लोट उठलेत, आणि ही केस मोकळे सोडून उभी! पायात उंच टाचा! जन्मात एकदा जरी कुणी हळद शिजवताना बघितलं असतं, तर असं काढायला हात धजावला नसता. बोलणं किती? पहिल्या पानावर ‘वाचवा!’, शेवटच्या पानावर ‘तुम्ही आलात!’ मधली सगळी पानं बाई बेशुद्ध. आणि मुखपृष्ठ तर विचारूच नका. हिरोचं तोंड टरबुजाएवढं, आणि बाई खाली कोपऱ्यात, अंड्यासारख्या चौकटीत, हात जोडून. जिथं वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुक असतात ना, बरोब्बर तिथं! फ्लेक्सवाल्याच्या हातून दुसरं काय निघणार?

रविवारी साचीचं बोट धरून मी थेट दुकानात.

“या ताई, या,” गजूभाऊ म्हणाले. “काय छापायचं? बारसं का वाढदिवस?”

“मी निषेध करायला आलेय.”

“निषेधाचा व्हय? आडवा का उभा?”

मग मी जे सुरू केलं! कंबर, केस, टाचा, बेशुद्धी, शुभेच्छुक, एकेक करून सगळं काढलं. इम्रान खुर्ची सोडून उभाच राहिला. साचीला कुणीतरी रंगीत कागदाची कात्रणं दिली होती, ती कोपऱ्यात त्यांची टोपी करत बसली.

पाईकराव सर हळूच म्हणाले, “ताई, तुमचं बराबर हाय. पण आमच्यात बाईच न्हाई. आमाला सांगणार कोण? तुमीच या कट्ट्यात.”

“आणि बाईचं एकेक पान तुमी बघून द्यायचं,” गजूभाऊ म्हणाले. “तुमी व्हय म्हणलं तरच छपाई.”

निषेध करायला गेलेली मी तपासनीस होऊन बाहेर पडले. चित्र मला साधा आंबासुद्धा काढता येत नाही. पण तपासायला कुठं चित्र काढता यावं लागतं?

त्या दिवसापासून माझ्या मोबाइलवर पानं यायला लागली. कच्ची, पेन्सिलीची. मी लाल रेघ ओढायची आणि परत पाठवायची. कंबर वाढवा. केस बांधा. टाचा कापा. डोळ्यांतलं पाणी पुसा. इथवर ठीक होतं. मग मी फुग्यांना हात घातला.

इम्रानची बाई विहिरीत पडली होती आणि ‘वाचवा!’ म्हणत होती. खोडलं.

त्याचा फोन आला. “भाभी, बावडी में गिरेली है वो. मग काय म्हणंल?”

“स्वतः वर येईल.”

“चुपचाप?”

“चुपचाप.”

पाईकराव सरांची बाई म्हणत होती, ‘चहा टाकू का?’ खोडलं. “सर, बाई दिसली की चहाच आठवतो का तुम्हाला?”

“ताई, तिची टपरी हाय चहाची. कनेरगाव नाक्याला.”

“असू दे.”

“मग गिऱ्हाइकाला काय विचारंल?”

“काही विचारणार नाही. गिऱ्हाईक सांगेल.”

गजूभाऊंची बाई सरपंच होती. ती म्हणाली, ‘गावकऱ्यांनो, मी तुमच्या पाठीशी आहे.’ मी विचारलं, पाठीशी का? बाईनं पाठीशीच का राहायचं? त्यांनी बिचाऱ्यांनी ‘मी तुमच्या पुढे आहे’ केलं. दुसऱ्या दिवशी मला ते गर्विष्ठ वाटलं. तेही खोडलं. एक बाई लेकराला ‘रडू नको’ म्हणत होती. समजूत घालायचा मक्ता काय बाईनंच घेतलाय? खोडलं. एक नुसतंच म्हणत होती, ‘मला भूक लागली.’ यात हरकत घ्यायला काही सापडेना. बराच वेळ बघत बसले. मग ‘फार साधं वाटतं’ असं लिहून तेही खोडलं.

सुरुवातीला ते वाद घालायचे. नंतर नुसतं ‘ओके ताई’ यायला लागलं. मला वाटलं, सुधारले! पुढं पुढं तर बायाही अशा मस्त येऊन राहिल्या, की मी एका पानाखाली लिहिलं, ‘आता जमलं! या बाईला व्यक्तिमत्त्व आहे!’ त्यानंतरची सगळी पानं मी धडाधड पास केली.

मधल्या काळात साची ती पत्रिका घेऊन दोनदा माझ्यापाशी आली होती. “आई, हे बघ ना, मी इथं...”

“थांब गं बाई,” मी म्हणाले. “आई तुझ्यासाठीच काम करून राहिली.”

कट्ट्यानं ठरवलं, की प्रत्येक कॉमिक्सचं एक पान मोठ्या फ्लेक्सवर छापून चौकातल्या भिंतीला लावायचं. रंगवलेली पानं मला दाखवली नाहीत. “सरप्राइज हाय ताई,” गजूभाऊ म्हणाले. मीही म्हटलं, असू दे. मनातल्या मनात भाषणाची तयारीसुद्धा केली.

फ्लेक्स रात्रीच लागले. सकाळी मी साचीला घेऊन भाजी आणायला गेले होते. भाजीवाली मावशी माझ्याकडं बघून एकदम पदर सावरून उभी राहिली. “काय बाई, सांगितलं बी न्हाई! कोणत्या वार्डातून?”

“काय कोणत्या वॉर्डातून?”

“हसून राहिली बघा! उभी राहती अन् आमालाच इचारती!”

दूधवाल्यानं गाडी थांबवून नमस्कार केला. आजवर दुधात पाणी का घालतोस विचारलं, तरी त्यानं मान वर करून बघितलं नव्हतं. “वहिनी, तिकीट पक्कं झालं ना?”

मी अजून डोकं खाजवतेय, तोवर शिरड शहापूरहून आमच्या यांच्या आत्याबाईंचा फोन.

“हॅलो... कोण बोलतंय?” आवाज रडवेला.

“मी बोलतेय आत्याबाई.”

“तूच? तू सोता?”

“हो. काय झालं?”

“अगं, आमचा गडी हिंगोलीहून आला. म्हणला, सूनबाईचे फोटो लागलेत चौकात, मोठ्ठाले. वाढदिवस म्हणावा तर तसं लिहिलेलं न्हाई, मजकूरच न्हाई काही. मग मला दुसरं काय वाटंल बाई?” त्यांनी नाक ओढलं. मग आवाजात जरा राग आला. “मी तर रडून बी घेतलं!”

मी भाजीची पिशवी तिथंच मावशीपाशी टाकली आणि साचीला ओढत चौकात पोचले.

भिंतभर फ्लेक्स. आणि भिंतभर मी!

हळदीच्या कढईपाशी मी. विहिरीतून वर चढणारी मी. सरपंचाच्या खुर्चीत मी. कनेरगाव नाक्याच्या टपरीत, गिऱ्हाइकावर डोळे वटारून उभी, तीही मीच! तोच चष्मा, तोच अंबाडा, अंबाड्यात खोचलेलं तेच पेन, आणि वर केलेलं तेच एक बोट. समोर ही गर्दी. एकजण दुसऱ्याला सांगत होता, “निवडून येती बघ ही. तोंडावरच दिसून राहिलं, कुणाचं ऐकणार न्हाई.”

“गजूभाऊ! हे काय आहे?”

“काय झालं ताई? कंबर बराबर हाय ना?”

“कंबर जाऊ द्या! या सगळ्या बाया मी का आहे?”

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. शेवटी इम्रान बोलला. “भाभी, गुस्सा मत करो. कशी बी काढली तरी तुमी खोडून राहिले होते. मग सर बोले, भाभीलाच काढू. खुद को तो फेल नहीं करेंगे.”

आणि मी केलं नव्हतं! ‘या बाईला व्यक्तिमत्त्व आहे’ म्हणे! आरशात बघून शेरा मारणारी बाई जगात मी एकटीच असेन.

एवढ्यावर भागलं असतं, तरी मी कुणाला न दिसता घरी गेले असते. पण मला दुसरंच काहीतरी खटकत होतं. मी पुन्हा पहिल्यापासून भिंत बघितली. हिरोच्या तोंडापाशी फुगा. टपरीवरच्या गिऱ्हाइकाच्या तोंडापाशी फुगा. विहिरीकाठच्या बैलाला फुगा, ‘हंबाऽ’. आणि बाई? तोंड उघडं, पुढं कोरी जागा. एकीलाही फुगा नाही!

“यांचं बोलणं कुठंय?” मी विचारलं.

“तुमीच खोडलं की ताई,” गजूभाऊ मोबाइल काढायला लागले. “दाखवू का?”

नको म्हटलं. काय दाखवणार? लग्नपत्रिकेच्या मागं होतं तेच चित्र. तिथं निदान हाताएवढं होतं. मी खपून, भांडून, लाल रेघा ओढून ते भिंतीएवढं केलं होतं आणि भर चौकात टांगलं होतं. बैल बोलतो. आई बोलत नाही!

साची मान वर करून एकेक फ्लेक्स वाचत होती. गाव हसलं तर हसू दे, दूधवाला उद्यापासून पुन्हा पाणी घालेल तर घालू दे. पण ही पोरगी हे बघून काय समजेल? जे होऊ नये म्हणून झोप घालवली, तेच तिच्या डोळ्यांपुढं मी उभं केलं होतं.

मी तिथंच खाली बसले, तिचे दोन्ही खांदे धरले आणि सुरू केलं. की बाळा, बाया मुक्या नसतात. की हे आईचं चुकलंय, काकांचं नाही. की तू नेहमी बोलायचं, घरात बोलायचं, शाळेत बोलायचं, विहिरीत पडलीस तर ‘वाचवा’ म्हणायचं, भूक लागली तर भूक लागली म्हणायचं, त्यात साधं आणि भारी असं काही नसतं. की तुझी पणजी कशी बोलायची, की मी कॉलेजात कशी बोलायचे, की देशाचं पुढं कसं होणार. मध्ये गजूभाऊंनी चहा मागवला, चहा आला, चहावर साय धरली. गर्दीतले दोघंतिघं कंटाळून निघून गेले. साची शांतपणे ऐकत होती. शेवटी माझा श्वास संपला तेव्हा मी विचारलं, “कळलं का बाळा? मग आता मला सांग, तू त्या दिवशी चित्रात आईला फुगा काहून काढला नव्हता?”

साचीनं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

“काढला होता की. मग अजून मोठा काढला. तरी तुझं बोलणं मावंना, म्हणून पुसून टाकला.”